दावोसची पायवाट आणि आमची पाणंद

दावोस म्हटलं की आपल्याकडे जानेवारी महिना आठवतो. बर्फ, सूटबूट, फलकासमोर उभं राहून काढलेले फोटो, सामंजस्य करार आणि लाखो कोटींचे आकडे. त्यातलं प्रत्यक्षात किती उतरलं यावर मग महिनाभर वादावादी. या पोस्टमध्ये त्यातलं काहीही नाही. मी झुरिकमध्ये नोकरी करतो आणि दावोसला जातो ते उन्हाळ्यात, सायकल घेऊन. तिथे माझ्या हातून एक चूक झाली, ती निस्तरायला एक दिवस गेला, आणि त्या दिवसामुळे गावच्या पाणंदीबद्दल आबांशी जे बोलायचं मी वर्षानुवर्षं टाळत होतो ते बोलून झालं. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. दावोस गाव समुद्रसपाटीपासून १५६० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जेमतेम खाली हे अख्खं गाव वसलेलं. गावातून रोपवेने सायकलीसकट याकोब्सहॉर्नवर जाता येतं, २५९० मीटरवर. तिथे झाड नावाला नाही. दगड, आखूड गवत आणि वारा. तिथून एक वाट निघते ती डोंगराच्या कडेकडेने सेर्टिगच्या खोऱ्यात उतरते, पुढे मोनस्टाइन नावाच्या जुन्या वस्तीवरून जंगलात शिरते आणि सुमारे चाळीस किलोमीटरनंतर फिलिझूर गावात संपते. माउंटन बाइकवाल्यांमध्ये ही वाट आल्प्स एपिक ट्रेल म्हणून प्रसिद्ध आहे. फिलिझूरला पोचलं की लाल रंगाच्या छोट्या रेल्वेत सायकल टाकायची आणि परत दावोस. जूनच्या अखेरीपर्यंत वर बर्फ असतो, ऑक्टोबरात पुन्हा पडायला लागतो. मधले तीन-चार महिने काय ते आपले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं, सायकलसाठी खास रस्ता बांधलेला असेल. तसे बांधलेले ट्रॅकही आल्प्समध्ये पुष्कळ आहेत. पण ही वाट बहुतेक ठिकाणी दीड-दोन फूट रुंद पायवाटच आहे. एकाच खांबावर चालणाऱ्यांसाठी पिवळी पाटी आणि सायकलवाल्यांसाठी गडद लाल पाटी. त्याच वाटेवर सत्तरीतली जोडपी काठ्या टेकत चालतायत, त्याच वाटेवर गळ्यात घंटा बांधलेल्या गायी आडव्या बसल्यात, आणि त्याच वाटेवरून आम्ही सायकली घेऊन येतोय. नियम साधा आहे. चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, थांबायचं, नमस्कार-चमत्कार करायचे आणि मग पुढे जायचं. कुरणाचं फाटक उघडलं तर ते आपणच लावायचं.

आता चूक. जुलै २०२३. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सेर्टिगकडे उतरताना नागमोडी वळणं आहेत, एकाखाली एक. माझ्यापुढे दोघेजण होते आणि मला त्यांना गाठायचं होतं. एका वळणावर मी वळलोच नाही. वरच्या वाटेवरून सरळ गवतात घुसलो, मागचं चाक लॉक करून घसरत खालच्या वाटेवर आलो. तीन सेकंदांचं काम. मनात म्हटलं, काय भारी जमलं!

खाली एक बाई झटका मशीनची तार ओढून खुंट्यांना बांधत होती. साठीच्या पुढची, पायात गमबूट. उन्हाळाभर वरच्या कुरणात राहून गावातल्या लोकांची गुरं सांभाळणारी. तिने हात वर करून मला थांबवलं. डोंगरात वर गेलं की तिथली माणसं अनोळखी माणसालाही अरे-तुरेच करतात. ती म्हणाली, "सायकलला माझी हरकत नाही. पण तू वळण तोडलंस. आता पाणी तुझ्या मागोमाग येईल."

माझं जर्मन बेताचंच. मला वाटलं, काहीतरी म्हण असेल. सॉरी म्हटलं आणि निघालो.

तीन आठवड्यांनी परत गेलो तर ती म्हण नव्हती हे कळलं. मी घसरलो होतो तिथे वीतभर खोल चर पडला होता. मधल्या काळात दोन-तीन वेळा वादळी पाऊस झाला असणार. शिवाय माझ्या चाकाची रेघ बघून आणखी किती जणांनी तोच शॉर्टकट मारला होता देव जाणे. वरच्या वाटेवरचं पाणी सगळं त्या चरातून खाली येऊन खालच्या वाटेवर खडी आणि चिखल ओतत होतं. खालच्या वाटेने चालणारे चिखल टाळायला गवतातून जात होते, म्हणजे तिथेही वाट रुंद होत चाललेली.

हे असं का होतं ते मला नंतर समजलं. वळणं ही पाय दमू नयेत म्हणून असतात तशी पाण्यासाठीही असतात. वाट डोंगराला आडवी गेली की तिचा उतार सौम्य राहतो. चांगली वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली असते, म्हणजे पाणी तिच्यावरून पुढे न वाहता बाजूला उतरून जातं. जिथे ते जमत नाही तिथे लाकडाचा ओंडका किंवा दगडांची रांग वाटेत तिरकी रोवलेली असते. तुम्ही सरळ उतारावर रेघ मारलीत की पाण्याला मोकळं रान मिळतं. आणि दोन हजार मीटरच्या वर गवत वर्षातून जेमतेम तीन महिने वाढतं. सह्याद्रीत एका पावसाळ्यात झाकली जाणारी जखम तिथे वर्षानुवर्षं उघडी राहते.

माझा ऑफिसमधला एक सहकारी त्याच भागातला. त्याला हे सांगितलं तर तो हसला नाही की रागावला नाही. म्हणाला, "सप्टेंबरात वाटेचं काम असतं. ये."

तिकडे जुन्या काळापासून एक पद्धत आहे, गेमाइनवेर्क म्हणतात. गावाच्या सामाईक गोष्टी, म्हणजे वाटा, पाट, कुरणं, गावाने मिळून दुरुस्त करायच्या. आपल्या भाषेत श्रमदान. पूर्वी घरटी एक माणूस द्यावा लागायचा. आता वाटांचं बरंचसं काम नगरपालिकेची पगारी माणसं करतात, पण श्रमदानाचे दिवस अजून काही ठिकाणी होतात.

गेलो. आम्ही नऊजण होतो. पालिकेचा एक माणूस मुकादमासारखा, बाकी आम्ही. चार सायकलवाले, दोघं निवृत्त शिक्षक नवरा-बायको जे फक्त चालतात, एक कॉलेजातली मुलगी आणि एक शेतकरी. पहारी, कुदळी, फावडी पाठीवर बांधून वर चढलो. चरात आधी मोठे दगड आडवे बसवले, पायऱ्यांसारखे, म्हणजे पाणी अडखळत जाईल. मग मधल्या जागेत बारीक खडी आणि माती. वर गवताच्या ढलप्या लावल्या. पुन्हा कुणी माझ्यासारखा शहाणा घुसू नये म्हणून तोंडाशी खालच्या जंगलातून आणलेल्या फांद्या टाकल्या. वरच्या वाटेवरचा बुजलेला तिरका ओंडका उकरून नव्याने रोवला. सकाळी आठला सुरू केलं ते दुपारी चारला संपलं. तीन सेकंदांच्या कामाला नऊ माणसं आणि आठ तास. हिशेब मी तिथेच मनात केला आणि कुणाला सांगितला नाही. चर माझ्यापासून सुरू झाला हे फक्त सहकाऱ्याला माहीत होतं.

जेवायला बसल्यावर ब्रेड आणि चीजबरोबर विषय निघाला मतदानाचा. हे जरा तपशिलात सांगतो, कारण आपल्या कामाचं आहे.

स्वित्झर्लंडमध्ये १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटा आणि डोंगरवाटा राज्यघटनेत घातल्या. होय, राज्यघटनेत. त्यानंतर आलेला कायदा १९८७ पासून लागू आहे. कॅन्टन, म्हणजे तिथलं राज्य समजा, त्याने वाटांचं जाळं नकाशावर आखायचं, सांभाळायचं, आणि एखादी वाट रस्त्याखाली किंवा बांधकामाखाली गेली तर तिच्या बदली दुसरी वाट द्यायची. वाट कमी होता कामा नये. आज देशात खुणा केलेल्या अशा वाटा सुमारे ६५,००० किलोमीटर आहेत. २३ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा मतदान झालं आणि त्याच कलमात सायकलवाटा आल्या. ७३.६ टक्के लोक बाजूने. त्याचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. २०२७ संपेपर्यंत आखणी करा आणि २०४२ संपेपर्यंत जाळं पूर्ण करा, असं कॅन्टनांना सांगितलंय. त्यात माउंटन बाइकच्या वाटाही येतात.

मी परदेशी, मला मत नाही. पण आमच्यातल्या शेतकऱ्याला होतं. तो शांतपणे म्हणाला, "मी विरोधात दिलं."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो म्हणाला, "एकदा कायद्यात लिहिलं की शहरातली माणसं हक्क म्हणून येतात. पूर्वी विचारून यायची."

मी विचारलं, मग आज तुम्ही इथे कसे?

"वाट आमच्या कुरणातून जाते. ती फुटली तर गाईचा पाय मोडतो."

बस्स. त्यात कसली थोरवी नव्हती. त्याचा स्वतःचा मतलब होता, आणि तो मतलब त्या मतदानात हरल्यावरही तसाच राहिला होता. म्हणून तो पहार घेऊन आला होता.

आता कुणी म्हणेल, झालं, परदेशाचं कौतुक सुरू. तसं नाही. त्या दोन फुटांच्या वाटेवर भांडणं पुष्कळ आहेत. देशाच्या रहदारी कायद्यात लिहिलंय की जी वाट सायकलीला योग्य नाही तिच्यावर सायकल चालवायची नाही. पण योग्य कुठली हे ठरवायचं कुणी? दावोस ज्या ग्राउब्युंडन कॅन्टनमध्ये आहे तिथली रीत अशी की बंदीची पाटी नसेल तर वाट सगळ्यांची. दुसरे काही कॅन्टन त्याहून कडक. शेजारच्या ऑस्ट्रियात १९७५ च्या वनकायद्याने जंगलात चालायची मोकळीक कुणालाही आहे, सायकलला मात्र जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणून तिरोलमध्ये सरकार मालकांशी वाटेवाटेचे करार करतं आणि विम्याचा भारही उचलतं. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात तर दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल न्यायलाच मनाई आहे.

त्यात बॅटरीवाल्या सायकली आल्या. ज्याला वर चढायचा दम नव्हता तोही आता वर पोचतो, आणि उतरायचं कसं हे त्याला ठाऊक नसतं. दुसरीकडे लांडगे परत आले. २०१२ मध्ये याच कॅन्टनच्या सीमेवरच्या कालांडा डोंगरात लांडग्यांच्या कळपाला पिल्लं झाली. मेंढपाळांनी राखणदार कुत्री ठेवली. कुत्र्याला भरधाव येणारी सायकल म्हणजे हल्लाच वाटतो. म्हणून पाटी दिसली की उतरायचं आणि सायकल मधे धरून हळू चालायचं. मी एकदा असा वीस मिनिटं दोन पांढऱ्या कुत्र्यांसमोर उभा होतो. बोलायची सोय नाही.

आणि डोंगर स्वतःही स्वस्थ बसत नाही. आमच्या वाटेचा शेवट होतो त्याच आल्बुला खोऱ्यात ब्रिएंझ नावाचं गाव आहे. वरचा कडा सरकतोय म्हणून मे २०२३ मध्ये ते सगळं रिकामं केलं होतं. जूनच्या मध्यावर एका रात्री कडा कोसळला आणि दगडांचा ढीग गावाच्या वेशीशी येऊन थांबला. अशा मुलखात वाट एकदा बांधली आणि झालं, असं नसतंच. ती दरवर्षी बर्फाखालून काय अवस्थेत निघेल त्यावर पुढचं काम.

आता आमची पाणंद.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. मळ्यात जायला पाणंद आहे. म्हणजे नकाशावर आहे. गावनकाशात ती दिसते, जुनी माणसं सांगतात की दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. आज ट्रॅक्टर-ट्रॉली आत जात नाही. ऊस तोडल्यावर मोळ्या डोक्यावरून डांबरीपर्यंत आणाव्या लागतात. टोळीवाले त्याचे जादा पैसे मागतात आणि आमच्याकडे यायला शेवटी तयार होतात. तोवर ऊस वाळतो, वजन घटतं. पावसाळ्यात तर गुडघाभर चिखल, शाळेतल्या पोरी चपला हातात घेऊन येतात.

पाणंद कुणी खाल्ली? ज्याला विचाराल तो समोरच्याचं नाव घेतो. कायदे आपल्याकडेही आहेत, आणि तिकडच्यापेक्षा जुने आहेत. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. शेताला बांधावरून रस्ता हवा असेल तर महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. आबांनी अर्ज केलाय. तारखा पडतात. स्थळपाहणी होते, पंचनामा होतो, समोरचा वरती अपील करतो. आबा दर रविवारी फोनवर मला सगळं सांगतात आणि मी हं हं करतो.

मी हं हं का करतो ते लिहायला ही पोस्ट. मी सातवीत असताना आबांनी आणि मी मिळून आमचा बांध सरकवला होता. एकदम नाही. दरवर्षी नांगराचं एक तास जास्त. मीच पुढे चालून दगड उचलायचो आणि पलीकडे ठेवायचो. मला त्यात मोठेपणा वाटायचा. आमचा एक तास बघून पलीकडच्याने एक घेतला. त्याचा बघून वरच्याने घेतला. आज अर्जात आम्ही पीडित आहोत. आणि ते खोटं नाही, आम्हाला त्रास होतोच. पण पहिला दगड कुणी उचलला हे मला माहीत आहे.

त्या दिवशी सेर्टिगला चरात दगड बसवताना तीच कमरेची कळ, तेच खरखरीत दगड, आणि ती बाई म्हणाली ते वाक्य. पाणी तुझ्या मागोमाग येईल.

त्या रविवारी मी आबांना सगळं सांगितलं. सायकल, चर, नऊ माणसं, शेतकऱ्याचं बोलणं. आबांना सायकलमध्ये रस नव्हता, पण गाईच्या पायाचं ऐकून म्हणाले, "बराबर हाय त्याचं." मग मी म्हटलं, आबा, अर्जाचं जे होईल ते होईल, आपण आपल्या बाजूचं आधी सोडूया का?

फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन तुटली. मग आबा म्हणाले, "आपण एकट्यानं सोडून काय हुतंय? पलीकडच्यानं सोडू दे की आधी."

मी म्हटलं, तोही घरी हेच म्हणत असेल.

"म्हणू दे," आबा म्हणाले आणि आईकडे फोन दिला.

मला राग आला नाही. आबांचं चुकतंय असंही पूर्ण म्हणवत नाही. एकाने सोडलं आणि बाकीच्यांनी नाही, तर सोडणाऱ्याचं रान तेवढं कमी होतं आणि रस्ता होतच नाही. तिकडेही नुसत्या चांगुलपणावर चाललेलं नाही. नकाशा पक्का आहे, वाट कमी झाली तर जाब विचारायची सोय आहे, पालिकेचा पगारी माणूस आहे, आणि त्याच्या जोडीला पहार घेऊन येणारे आठ जण आहेत. यातलं एक काढलं तर बाकीचं टिकणार नाही. आपल्याकडे नकाशा आहे, कलमंही आहेत. मोजणीला माणूस वेळेवर येत नाही आणि पहार घेऊन कुणी येत नाही. पहिल्याबद्दल आपण सरकारला रोज बोलतो आणि बोललंच पाहिजे. दुसऱ्याबद्दल कुणाला बोलायचं?

दोन महिन्यांनी दिवाळीला गावी गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, चल मळ्यात. सोबत टेप घेतला होता. आम्ही आमच्या बाजूने मोजलं. जुन्या बाभळीच्या बुंध्यापासून आमच्या बांधापर्यंत साडेचार फूट जास्त निघाले. आबांनी तो आकडा वहीत लिहिला, वही खिशात घातली. पुढे काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. बांध अजून तिथेच आहे. केसही चालूच आहे. पण पलीकडच्या शेतातून चुलत काका बघत होते, आणि संध्याकाळी त्यांनी आबांना पारावर विचारलं म्हणे, "कशाची मोजणी चालली हुती?"

काय उत्तर दिलं ते आबांनी मला सांगितलेलं नाही.

येत्या मे महिन्यात मी पंधरा दिवस गावी आहे. येताना काय आणू असं विचारलं तर आबा म्हणाले, "काय नको. कामाचे बूट आण तुझे."

तुमच्या गावची पाणंद कागदावर किती फुटांची आहे आणि जागेवर किती उरली आहे, जमलं तर मोजून कमेंटमध्ये लिहा. फक्त एक विनंती. मोजायला सुरुवात आपल्या बांधापासून करा.